बारा फुटी माहेर

"अजून थोडं मागं सरका की, माळवदे," धोंडूअण्णा समोरच्या दारातून म्हणाले.

"मागं चूल आहे."

"मग चुलीच्या डावीकडं सरका."

"डावीकडं शेवंतावहिनी आहेत."

शेवंतावहिनी होत्याच. परातीत पीठ मळत होत्या आणि माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईवर डोळा ठेवून होत्या. "फोटो त्यांच्या घराचा आणि धिंगाणा माझ्या घरात," त्या म्हणाल्या. "त्या तिपाईचा पाय माझ्या दुधाच्या पातेल्याला लागला तर सांगून ठेवते, कॅमेऱ्यातच दही लावीन."

हे तासगावच्या कासार गल्लीतलं. साल ब्याऐंशी. मी सत्तावीस वर्षांचा, स्टुडिओ टाकून तीन वर्षं झालेली, आणि आपल्यासारखा फोटोग्राफर मिरजेपर्यंत नाही अशी माझी पक्की समजूत. कासार गल्ली अशी अरुंद की समोरून बाई घागर घेऊन आली तर आपण जवळच्या घरात शिरायचं, घागर पुढं गेली की बाहेर यायचं. कधी कधी आत चहा व्हायचा. राहायला गल्ली झकास, फोटोला एकदम नालायक. अण्णांचं अख्खं घर फोटोत घ्यायचं म्हणून मी गल्लीत उभा राहिलो तर कॅमेऱ्याच्या काचेत नुसती दाराची कडी दिसली. मागं सरकत सरकत समोरच्या शेवंतावहिनींच्या सोप्यात गेलो, तिथून स्वयंपाकघरात. तरी दार आणि निम्मी खिडकी, यापलीकडं काही येईना.

"अण्णा, नाही जमत," मी म्हणालो. "तुमचं घर मावत नाही."

"दोन खणांचं घर मावत नाही? लग्नात दोनशे माणसं मावतात की तुमच्या फोटोत."

"ती मागं सरकतात. घर कसं सरकणार?"

अण्णा बिचारे खाली बसले. धोंडूअण्णा रासने म्हणजे बांगड्यांचे व्यापारी. अख्ख्या तालुक्यातल्या बायकांचे हात त्यांना पाठ. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पार उतरला. कारण फोटो हवा होता तो हुबळीला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, तानूआक्काला पाठवायला. आक्का लग्नानंतर पन्नास वर्षं दर दिवाळीला माहेरी यायची. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. आणि अण्णांना गाडी लागायची. गाडी लागायची म्हणजे किती? एस.टी.त बसलेल्या माणसाला निरोप द्यायला गेले तरी ते लिंबू हुंगायचे. त्यामुळं तीन वर्षं बहीण-भावाची भेट नव्हती. मग आक्काचं पत्र आलं: "मला येता येत नाही, तुला निघता येत नाही. निदान घराचा फोटो पाठव. सगळं घर दिसू दे, पुढं तू नि यमुना उभे राहा. समोर लावीन आणि बघत पडेन."

दिवाळी दीड महिन्यावर आली होती.

तोड काढली दिलावर पेंटरनं. दिलावर मुलाणी तेव्हा माझ्या स्टुडिओत बसून जुन्या पडद्यावरच्या हंसाची मान दुरुस्त करत होता. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि फोटोचे पडदे यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा.

"घर फोटोत मावत नाही ना? मग पडद्यावर काढतो," तो म्हणाला. "आठ फूट रुंद, बारा फूट उंच. तुमच्या हंसाच्या जागी अण्णांचं घर. पुढं उभे राहा, काढा फोटो. हुबळीत बसून कोण ओळखतंय?"

मला हे फार हुशारीचं वाटलं, हे आज कबूल करतो.

दिलावर दोन दिवस शेवंतावहिनींच्या उंबऱ्यावर बसून घराचं चित्र उतरवून घेत होता. तिसऱ्या दिवशी स्टुडिओत मांजरपाट ताणला आणि रंगाला हात घातला. तेव्हा अण्णा आणि त्यांच्या मंडळी यमुनावहिनी बघायला आले.

"रंग निळा दे," यमुनावहिनी म्हणाल्या.

"घराला चुना आहे, वहिनी."

"अकरा वर्षं यांना सांगतेय निळा लावा म्हणून. घराला नाही तर नाही, पडद्याला तरी लावा."

मी म्हटलं, "वहिनी, फोटो काळा-पांढरा येणार आहे."

"येऊ दे. मला माहीत असेल ना निळा आहे ते."

निळा लागला. मग अण्णांनी जवळ जाऊन दार बघितलं. सदुसष्टच्या भूकंपात अण्णांच्या घराचं दार उजवीकडं कललं होतं, आणि गेली पंधरा वर्षं ते तसंच, ढकलून लावावं लागायचं. पडद्यावर दार ओळंब्यात होतं.

"दार सरळ झालं की रे," अण्णा म्हणाले.

"मीच केलं. वाकडं काढलं तर लोक म्हणतील दिलावरला रेघ मारता येत नाही. माझ्या धंद्याचा प्रश्न आहे."

"आणि हे नारळाचं झाड?"

"डावीकडं जागा रिकामी दिसत होती."

"रिकामी कुठली? तिथं गुरवांची न्हाणी आहे."

"अण्णा, बहिणीला न्हाणी दाखवणार का?" दिलावरनं विचारलं. न्हाणीच्या जागी नारळ राहिला. नारळाच्या मागं डोंगर आला, कारण दिलावरच्या नारळामागं नेहमीच डोंगर असायचा. घराला माडी आली नाही एवढंच. तीही आली असती, पण कापड संपलं.

फोटो काढायच्या दिवशी दोघं पडद्यापुढं उभी राहिली. मी अण्णांना कोट घातला, वहिनींचा पदर सारखा केला, दोघांच्या हनुवट्या दोन बोटांनी वर उचलल्या आणि "श्वास धरा" म्हणालो. दोघांनी असा श्वास धरला की मला घाई करावी लागली. मग माझी कारागिरी. निगेटिव्हवर अण्णांचा चेहरा पेन्सिलीनं साफ केला. सुरकुत्या पुसल्या, नाकाच्या शेंड्यावरची वाटाण्याएवढी चामखीळ काढून टाकली, डोळ्यांत दोन ठिपके चमकवले. अण्णा पस्तिशीचे दिसायला लागले. फोटो बघून यमुनावहिनी लाजल्या.

रजिस्टर पोस्टानं फोटो हुबळीला गेला. आठ दिवसांनी अण्णा पत्र घेऊन स्टुडिओत आले आणि ते माझ्यापुढं धरलं. आक्का सांगायची आणि तिचा मुलगा मुरली लिहून घ्यायचा.

"चि. धोंडूस आशीर्वाद. फोटो पोचला. घर फार छान आहे. कुणाचं आहे? आपलं विकलंस ते बरं केलंस की वाईट हे तुझं तुला ठाऊक, पण एका शब्दानं मला सांगायचं होतंस. मला त्यातला वाटा नको होता. यमुनेशेजारी जो गृहस्थ उभा आहे तो कोण, तेही कळव. तू फोटोत का नाहीस? तुझी तब्येत बरी आहे ना?"

खाली कंसात मुरलीनं आपल्या पदरचं लिहिलं होतं: "आई सकाळपासून भिंतीकडं तोंड करून आहे."

"आता काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"खरं लिहून टाका," मी म्हणालो.

अण्णांनी खरं लिहिलं. घर विकलेलं नाही, घर जागेवर आहे, गल्ली अरुंद म्हणून घर पडद्यावर काढलं, तो गृहस्थ मीच. त्यावर आलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. "घर जागेवर असतं तर त्याचं चित्र काढायची पाळी का आली असती? लहानपणी तुला खोटं बोलता येत नव्हतं, म्हातारपणी शिकलास. यंदा भाऊबीज पाठवू नकोस. माहेरचं घरच राहिलं नाही तर माहेरची ओवाळणी कसली?" कंसात मुरली: "आई दोन दिवस जेवली नाही. नुसता भात खाल्ला."

मग मी झटक्यात जाऊन खऱ्या दाराचा फोटो काढला. गल्लीतून जेवढं आलं तेवढं. कललेलं दार, कडी, उंबरा. तो पाठवला. उत्तर आलं: "दाराचा फोटो मिळाला. दार ओळखलं. पाडलेल्या घरांची दारं जुन्या बाजारात विकतात हे मला माहीत आहे. कुणाकडं दिलंस?"

या बाईपुढं हात टेकले. घर दाखवलं तर म्हणते दुसऱ्याचं, दार दाखवलं तर म्हणते विकलेलं. दिलावर म्हणाला, अण्णांनी हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून दारात उभं राहावं. शेवंतावहिनी म्हणाल्या, मीच येते फोटोत, मला तर ओळखेल. वहिनी दिवाळीसाठी माहेरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मी हुबळीला जातो."

यमुनावहिनी होत्या तिथं पाटावर बसल्या. "तुम्ही? गाडीतून?"

"गाडीतूनच. पडदा घेऊन जातो. पडदा डोळ्यांनी बघितला तर तिला पटेल की पडदाच आहे. भाऊबीजेच्या आत तिच्या दारात उभा राहतो. मग हाकलून दिलं तर हाकलून देऊ दे." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही दोघं चला. हा घोटाळा तुम्ही केलाय."

त्यावर नाही कसं म्हणायचं?

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. पडदा बांबूला गुंडाळला, वरून पांढरं कापड बांधलं. एस.टी.च्या टपावर तो चढवला आणि अण्णा खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत त्यांचं पहिलं लिंबू संपलं. मिरजेपर्यंत काय झालं ते सांगत नाही; सांगून कुणाचं भलं होणार नाही. मिरजेला उतरलो तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता, केस विस्कटलेले, डोळे लाल, चालताना तोल जात होता. मी पुढं, दिलावर मागं, खांद्यावर आठ फुटी बांबू पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, आणि त्याच्या मागं असे अण्णा. रेल्वेच्या फलाटावरची गर्दी आपोआप बाजूला झाली. गर्दीतल्या दोघांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण होते?"

"घर आहे," अण्णा कसेबसे म्हणाले.

"घरचेच म्हणा की," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसत आमच्याबरोबर डब्यापर्यंत आला. आम्हाला बसायला जागा मिळाली ती त्याच्यामुळं. हुबळीपर्यंत डब्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही, एका बाईनं तर आपल्याजवळची केळी अण्णांपुढं ठेवली. दिलावरनं ती खाल्ली.

हुबळीत मुरली दारातच भेटला. त्यानं अण्णांना बघितलं आणि आत जाऊन म्हणाला, "आई, मामा आलाय."

"मामाला गाडी लागते," आतून आवाज आला. "उगाच काहीतरी सांगू नको."

आक्का खिडकीजवळच्या खाटेवर होती. एवढीशी झालेली म्हातारी, हातात मात्र कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. अण्णा खाटेपाशी जाऊन उभे राहिले. प्रवासानं त्यांचं पार चिपाड झालेलं. आक्का त्यांच्याकडं बघत राहिली.

"जवळ ये," ती म्हणाली.

अण्णा वाकले. तिनं हात वर केला, बोटानं त्यांच्या नाकाचा शेंडा चाचपला आणि चामखिळीवर बोट थांबवलं.

"हा आमचा," ती म्हणाली. पण रडण्याआधी तिला चौकशी करायची होती. "फोटोत कुठं होती ही?"

अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "यांनी काढली."

"कशानं?"

"पेन्सिलीनं," मी म्हणालो.

"दुखलं का रे?" तिनं अण्णांना विचारलं, आणि मग मात्र दोघंही रडली. तीन वर्षांचं रडणं होतं, चालू द्यावंच लागलं. मी आणि दिलावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिलो. ते कानडीत होतं.

रडणं आटोपल्यावर आक्का नीट टेकून बसली. "भाऊ खरा आहे. आता घराचं बोल. कितीला दिलंस?"

"आक्का, घर विकलं नाही गं. थांब, तुला दाखवतो."

आम्ही खिळे ठोकून पडदा सोडला. खोलीची उंची नऊ फूट, त्यामुळं खालचे तीन फूट जमिनीवर पसरले आणि अण्णांच्या घरापुढचं अंगण आक्काच्या खाटेपर्यंत आलं. निळं घर, ओळंब्यातलं दार, नारळ, डोंगर. दिलावर हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. कौतुक झालं की मान लववायची, अशा तयारीत.

आक्कानं पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. "म्हणजे हा खरंच पडदा आहे," ती म्हणाली.

"तेच सांगत होतो!" अण्णा म्हणाले.

"पडदा आहे हे कळलं. घर आहे हे कुठं कळलं? आमचं दार वाकडं आहे."

"ते मी सरळ केलं," दिलावर म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं? ते दार माझ्यादेखत वाकडं झालंय. भूकंपाच्या दिवशी मी माहेरी होते. पहाटे भांडी पडली, मी धोंडूला हाताला धरून बाहेर ओढला आणि मागं वळून बघते तर दार असं झालेलं." तिनं तळहात तिरपा करून दाखवला. "भूकंपाला जमलं ते तुला जमत नाही होय?"

दिलावरला हे लागलं. त्यानं पिशवीतून रंगाचे डबे काढले. मला वाटलं, दार तिरकं केलं की सुटलो. कसलं काय? दोन दिवस लागले.

आक्का खाटेवरून सांगायची आणि दिलावर गुडघ्यावर बसून काढायचा. निळा गेला, चुना आला, तोही खालून ओलसर आणि पोपडे धरलेला. नारळ जाताना दिलावर म्हणाला, "आक्का, एवढं तरी राहू द्या. तुम्हीच लिहिलं होतं, सगळं घर दिसू दे म्हणून."

"सगळं म्हणजे आपलं सगळं. लोकांच्या नारळासकट नव्हे. तिथं गुरवांची न्हाणी काढ. भिंतीला मोरीचं भोक काढ. त्यातून पाणी येतं, तेही काढ."

नारळ गेला, न्हाणी आली. पायरीवरून बहीण-भावाचं जुंपलं. आक्का म्हणे पायरी डावीकडं फुटलीय, अण्णा म्हणत उजवीकडं. दुपारभर भांडण चाललं, मुरलीची बायको चहा ठेवून निघून गेली तरी कुणाचं लक्ष नाही. शेवटी कळलं, अण्णा पायरी कायम घरातून बाहेर पडताना बघतात आणि आक्का आत जाताना. आक्कानं सांगितलं, "मी येतेय. माझ्या बाजूनं काढ." दिलावरनं तशी काढली.

मग ती म्हणाली, "वर हे काय आहे?"

"कौलं," दिलावर म्हणाला. कौलं त्यानं एकेक करून रंगवली होती, शंभरेक असतील.

"आमच्या घराला कौलं आहेत?"

"आक्का, पन्नास वर्षं जाताय तुम्ही."

"जाते. पण दिसतात कुठून? मान वर करावी तर समोरून घागर येते. आमच्या गल्लीत कुणी अख्खं घर कधी बघितलंय? मी सांगते काय दिसतं ते. माहेरी गेले की मी दुपारची शेवंताच्या उंबऱ्यावर बसते, पाय लांब करून. तिथनं आमचं दार दिसतं आणि निम्मी खिडकी. डावीकडं न्हाणी. वर शेवंताच्या चौकटीची पट्टी येते, काळी, धुरानं. झालं. एवढंच आमचं घर. बाकीचं पुसून टाक."

मी ऐकत होतो. चुलीपर्यंत मागं सरकून, शेवंतावहिनींच्या शिव्या खाऊन मला जेवढं दिसलं होतं, तेवढंच ती मागत होती, आणि मी ते वाया गेलेलं म्हणून सोडून दिलं होतं. मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. पेन्सिल खिशात होती, ती मी पिशवीत तळाशी टाकली.

दिलावरनं शंभर कौलांवर काळा रंग फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. डोंगरावरून चौकटीचं लाकूड गेलं. खाली उंबरा आला, झिजलेला. मग त्यानं आक्काला न विचारता दारापुढची जमीन ओली केली.

"हे कुणी सांगितलं?" आक्कानं विचारलं.

"दोन दिवस मी बसलो होतो तिथं. यमुनावहिनी सडा टाकतात तर माझ्या चपला वाहून गेल्या."

"बरोबर आहे. पूर आणते ती बाई," आक्का म्हणाली. ती पडद्याकडं बघत राहिली. आम्ही नवीन हुकुमाची वाट बघत होतो. मग ती मुरलीला म्हणाली, "मला उचल. दारात नेऊन बसव."

ती भाऊबीजेची सकाळ होती. मुरलीनं आईला उचलून पडद्यापुढं ठेवलेल्या खुर्चीत बसवलं, मागं लोड दिला. अण्णा समोर पाटावर. सुनेनं निरांजनाचं ताट आक्काच्या हातात दिलं. मी कॅमेरा लावला आणि सवयीनं म्हणालो, "अण्णा, हनुवटी वर."

"त्याची हनुवटी आहे तिथं राहू दे," आक्का म्हणाली.

"श्वास धरू का?" अण्णांनी विचारलं.

"गाडीतनं येताना काय कमी धरलास? आता सोड. आणि हे केस काय केलेत, धोंडू? यमुना तेल देत नाही का? किती वाळलास रे." ती एका हातानं ओवाळत होती आणि दुसऱ्या हातानं त्याच्या टाळूवरचे केस दाबत होती. अण्णा हसत होते, पडलेल्या दोन दातांसकट. मी बटण दाबलं.

त्या फोटोला मी पेन्सिल लावली नाही. एक प्रत हुबळीला गेली, एक अण्णांच्या सोप्यात लागली. माझ्या स्टुडिओत पुढची तीस वर्षं हजारो माणसं बसून गेली, आता मुलगा सगळं मशीनवर करतो. पण हनुवटी उचलायची माझी सवय त्या दिवाळीपासून सुटली.

फोटो लावायला मी स्वतः गेलो होतो. खिळा ठोकून खाली उतरतो तोच शेवंतावहिनी आल्या. दिवाळीचे आठ दिवस त्या सावळजला भावाकडं होत्या, कालच परतल्या होत्या. हातात फराळाचं ताट. फोटोकडं बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"आक्का येऊन गेली?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण वहिनी फोटोपाशी जाऊन बोटानं एकेक दाखवत होत्या. "ही दारात बसलीय. ही गुरवांची न्हाणी. हा यमुनेचा सडा." मग त्यांनी बोट मागं घेतलं. "तीन वर्षांनी आली आणि नेमकी मी नसताना. मामंजी होते घरी, तेही काही बोलले नाहीत. त्यांना तरी आता काय दिसतंय म्हणा. पण आक्कानं निरोपसुद्धा ठेवू नये माझ्यासाठी? मी तिची कोण, तेव्हा मी तरी का बोलते."

खरंच त्यांचे डोळे भरले होते. लग्न झाल्यापासून ज्या घरासमोर राहिल्या ते घर बघून भरले होते. मी म्हणालो, "वहिनी, अहो हा—"

अण्णांनी माझा दंड धरला.

"दोनच दिवस होती गं शेवंता," ते म्हणाले. "पण दोन्ही दिवस तुझ्या उंबऱ्यावरनं हलली नाही."

शेवंतावहिनींनी पदरानं डोळे पुसले, आणि पुन्हा एकदा फोटो नीट बघितला.

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या उंबऱ्यावर बसली म्हणजे मला भेटलीच की."